दुःख उकरू नका, माणूसही सोडू नका

इंदूरसारख्या शहरात एखादा तरुण स्वतःचा जीव घेतो, तेव्हा पुढचा आठवडाभर होणारी चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. काही जण म्हणतात, त्याने बोलायला हवे होते; हल्ली सगळे मनात ठेवतात, मन मोकळे करायला शिकवले पाहिजे. बाकीचे म्हणतात, पूर्वी काय दुःखे नव्हती? आमच्या आईवडिलांनी मुकाट्याने सोसले, या पिढीला सोसवत नाही. भंवरकुआच्या कोचिंगच्या गल्ल्यांपासून रामबागेतल्या मराठी घरांपर्यंत हेच ऐकू येते. मी ज्या ख्रिस्ती मंडळीत वाढले तिथेही हेच, फक्त वचनांची जोड देऊन. बोलायला सांगणारे याकोबाच्या पत्राचा आधार घेतात, की एकमेकांजवळ कबूल करा. सोसायला सांगणारे पौलाचा, की प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. दोघांची भांडणे कितीही जोरात चालोत, एका गोष्टीवर त्यांचे नकळत एकमत झालेले आहे: जे काही करायचे ते दुःखी माणसानेच करायचे. त्याने बोलायचे, नाहीतर त्याने सोसायचे. त्याच्या आजूबाजूच्या शंभर माणसांकडे काय काम आहे, हे कोणी विचारतच नाही.

मला हा वाद चुकीच्या जागी चाललेला वाटतो. लपवलेले दुःख बाहेर काढणे हे ख्रिस्ती प्रेमाचे काम आहे असे मी मानत नाही. दुःख ज्याचे आहे, ते सांगायचे की नाही हेही त्यानेच ठरवायचे. आपले काम त्याच्याजवळ टिकून राहण्याचे आहे. त्याने सांगितले तरी, आणि कधीच सांगितले नाही तरी. हे ऐकायला सोपे वाटते. करायला ते 'मन मोकळे कर' म्हणण्यापेक्षा आणि 'धीर धर' म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण त्यात आपला वेळ जातो आणि बदल्यात आपल्याला काही कळेलच याची खात्री नसते.

आधी माणसे दुःख लपवतात का, ते पाहू. आपण गृहीत धरतो की भिडस्तपणाने किंवा गर्वाने लपवतात. पण बहुतेक वेळा त्यांचा हिशेब अगदी बरोबर असतो. खंडव्याहून किंवा बऱ्हाणपूरहून इथे शिकायला आलेल्या मुलाला ठाऊक असते की, 'मला झेपत नाही' हे वाक्य घरी पोचले की वडिलांनी काढलेल्या कर्जाचा विषय निघणार. नवऱ्याच्या दारूबद्दल बाई एका मैत्रिणीजवळ बोलली, की पुढच्या हळदीकुंकवाला चार जणी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहणार. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्या लोकांनी हौसेने केलेली नाही. उघडलेल्या मुठीची काय किंमत होते हे पाहून केली आहे. इंदूरची हुकुमचंद ही कापडगिरणी 1991 साली बंद पडली आणि तिच्या सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यांचा प्रश्न सुटायला 2023 चा डिसेंबर उजाडला. मिल बंद झाल्यावरही रोजच्या वेळेला डबा घेऊन घराबाहेर पडणाऱ्या माणसांच्या गोष्टी परदेशीपुऱ्याच्या बाजूला जुन्या लोकांकडून ऐकायला मिळतात. कोणाचा बाप, कोणाचा काका. ती माणसे भित्री होती का? पोरांच्या डोळ्यांत आपण बेकार दिसू नये म्हणून ते उन्हात फिरत होते. ते फिरणे हेच त्यांचे प्रेम होते. त्यांच्यापुढे जाऊन 'मन मोकळे करा' म्हणणाऱ्याला त्यांनी काय उत्तर द्यायचे?

आपल्या शहराला तर हे सर्वांत आधी कळायला हवे. राजवाड्यासमोर अहिल्याबाईंचा पुतळा आहे, विमानतळाला त्यांचे नाव आहे, विद्यापीठाला आहे. हातात शिवलिंग घेतलेली शांत मुद्रा आपण लहानपणापासून पाहिली. त्या मुद्रेमागे काय होते? 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, 1766 मध्ये वडिलांसारखे सासरे मल्हारराव, 1767 मध्ये एकुलता मुलगा मालेराव. उतारवयात नातू गेला, जावई गेला, आणि मुलगी मुक्ताबाई आईच्या विनवण्या न ऐकता सती गेली. माळव्यात राहून लोकांकडून माहिती गोळा करणाऱ्या जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्या दिवसाचे वर्णन लिहून ठेवले आहे. दोन ब्राह्मणांनी अहिल्याबाईंचे हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्या किंचाळल्या आणि त्यांनी स्वतःच्याच हातांना चावे घेतले. नंतर जवळजवळ तीन दिवस अन्न नाही, तोंडातून शब्द नाही. मग त्या उठल्या, आणि गेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधकाम काढले. या हकिकतीत मला सर्वांत मोलाची वाटतात ती हात धरणारी माणसे. त्यांनी उपदेश केल्याची नोंद नाही, 'मोठ्याने रडा, बरे वाटेल' असे सांगितल्याचीही नाही. ती धरून उभी राहिली. या शहराने अहिल्याबाईंची शांत मुद्रा डोक्यावर घेतली, पण त्यांचे हात धरणाऱ्यांना मात्र ते विसरून गेले. म्हणून आपल्याला वाटते की थोर माणूस एकट्याने सोसतो.

आता समोरच्यांचे म्हणणे. मौन मारते, हे त्यांचे सर्वांत बळकट म्हणणे आहे आणि ते खरे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे. मध्य प्रदेश त्यात महाराष्ट्र आणि तामिळनाडूनंतर तिसरा. मरणाऱ्या दर दहांत सुमारे सात पुरुष, म्हणजे ज्यांना रडू नये असे शिकवले जाते तेच. इतक्या मौनापुढे 'त्याचे दुःख त्याच्यापाशी राहू द्या' असे म्हणणे निष्ठुरपणा नाही का?

असता, जर मी माणसाला एकटे सोडा म्हणत असते तर. आणि एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. जीवाला धोका आहे अशी शंका आली, की भीड ठेवायची नाही. 'तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. या विषयावर काम करणारे डॉक्टर हे वारंवार सांगत आले आहेत. उत्तर 'हो' आले तर माणसाला एकटे ठेवू नये, 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर त्याच्याबरोबर बसून फोन लावावा, डॉक्टरकडे सोबत जावे, आणि 'कोणाला सांगू नकोस' या वचनात अडकू नये. आग लागलेल्या घराचे दार ठोठावत बसायचे नसते. पण सगळी बंद दारे आग लागल्याची नसतात. जीवघेणे दुःख आणि जपलेले दुःख यांत फरक ओळखायला त्या माणसाला रोज पाहणारे कोणीतरी लागते, आणि नेमके तेच आपल्याकडे नाही. आपण सहा महिने फिरकत नाही, आणि एके दिवशी जाऊन म्हणतो, सांग काय झाले ते.

बोलते केल्यानेच माणूस बरा होतो, ही समजूतही तपासून पाहिली गेली आहे. मोठ्या आघातानंतर लगेच माणसांना बसवून सगळे सांगायला लावायचे, अशी एक पद्धत काही दशके जगभर वापरली गेली. अभ्यासांती असे दिसले की एका बैठकीतल्या त्या बोलते करण्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींना तर अपायच होतो. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक मानसिक मदतीची मार्गदर्शिका काढली. ती काढण्यात वर्ल्ड व्हिजन ही ख्रिस्ती संस्थाही होती. तिच्यातले सांगणे थोडक्यात असे: आधी पाहा, मग ऐका, मग योग्य मदतीशी जोडून द्या, आणि बोलण्यासाठी कोणावर दडपण आणू नका. पाणी, पांघरूण, घरच्यांशी संपर्क या गोष्टी आधी. बायबलमध्ये झुडपाखाली मरण मागत पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न त्याला त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर विचारला गेला.

आणखी एक उदाहरण मला फार जवळचे वाटते. लंडनमधले पाळक चॅड वारा यांनी 1953 मध्ये आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला, जीव द्यायच्या विचारात असलेल्यांसाठी. त्यामागे जुनी जखम होती: पाळक म्हणून त्यांनी केलेला पहिला दफनविधी एका किशोरवयीन मुलीचा होता. मासिक पाळी सुरू झाली तेव्हा आपल्याला भयंकर रोग झाला असे समजून तिने जीव दिला होता. विचारायला कोणी नव्हते. टेलिफोनची बातमी पसरली आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. समुपदेशन वारा स्वतः करणार होते. बाहेर थांबलेल्यांना चहा-कॉफी देण्यासाठी मंडळीतली साधी माणसे येऊन बसत. थोड्या दिवसांत वारांच्या लक्षात आले की बाहेर चहा पिऊन, त्या साध्या माणसांशी दोन शब्द बोलून बरेच जण परत जातात; त्यांना पाळकाची गरजच उरत नाही. वारांनी मोठेपणा दाखवला आणि ते काम त्या चहावाल्यांच्या हाती सोपवले. समॅरिटन्स ही संस्था त्यातून उभी राहिली. फोन करणाऱ्याला धर्मोपदेश करायचा नाही, हा तिचा नियम. एका पाळकाने चर्चमध्ये बसून हा नियम केला, याचा आपल्या मंडळ्यांनी विचार करावा.

'पण पवित्र शास्त्रच उघडपणे बोलायला सांगते,' हा पुढचा आक्षेप. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री गर्दीत लपून येशूच्या वस्त्राला शिवली. येशूने तिला तसेच जाऊ दिले नाही. कोण शिवले, म्हणून विचारले, आणि तिने थरथरत सर्वांसमोर सगळे सांगितले. साक्षीच्या, म्हणजे आपला अनुभव सर्वांसमोर सांगण्याच्या, सभांमध्ये हा प्रसंग कितीदा ऐकला आहे! पण मार्काच्या त्याच पाचव्या अध्यायात पुढे काय होते? याईराच्या घरी येशू रडारड करणाऱ्या गर्दीला बाहेर काढतो, मुलीचे आईबाप आणि तीन शिष्य एवढ्यांनाच आत ठेवतो, आणि मुलगी उठल्यावर बजावतो की हे कोणाला कळू देऊ नका. तिला काही खायला द्या. एकाच दिवशी, एकाच वाटेवर, एक गोष्ट चारचौघांत आणि दुसरी बंद दाराआड. असे का? त्या स्त्रीला बारा वर्षे अशुद्ध म्हणून समाजाने दूर ठेवले होते. ती बरी झाली हे समाजाला कळल्याशिवाय तिचे जगणे परत मिळणार नव्हते, म्हणून गर्दीसमोर तिला 'मुली' अशी हाक. आणि ती हाक बरी झाल्यानंतरची आहे. आधी सांग मग बरी करतो, असा सौदा तिथे नव्हता. बारा वर्षांच्या याईराच्या मुलीला मात्र गर्दीचा काहीच उपयोग नव्हता. येशूने नियम लावला नाही, माणूस पाहिला. आपण पहिला प्रसंग उचलला, त्याचा नियम केला, आणि दुसरा प्रसंग पान उलटून विसरलो.

मंडळीच्या इतिहासातही हा धडा आहे. पाचव्या शतकात इटलीत काही ठिकाणी पश्चात्ताप करणाऱ्यांच्या पापांची लेखी यादी सर्वांसमोर वाचून दाखवायची रीत पडली होती. 459 मध्ये रोमचा बिशप पहिला लिओ याने ती बंद करवली. त्याचे म्हणणे होते की लाजेमुळे किंवा शत्रूंच्या भीतीमुळे लोक औषधापासूनच लांब राहतील. याजकाजवळ गुप्तपणे सांगणे पुरे आहे. ही गोष्ट पापांची होती, ज्यांत सांगणाऱ्याचा दोष असतो. मग ज्यात कोणाचा दोष नाही अशा दुःखाला आपण किती जपायला हवे? आणि आपण काय करतो? घरगुती प्रार्थना सभेत कोणी डोळे पुसत म्हणते, 'माझ्या मुलीसाठी प्रार्थना करा.' रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर मुलीचे नाव, सासरचे आडनाव आणि अंदाजाने लावलेले कारण तीन गटांत फिरलेले असते, शेवटी जोडलेल्या हातांचे चिन्ह लावून. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. डॉक्टरने बाहेर बोलणे गैर, आणि मंडळीतल्या बहिणीने बोलणे सेवा? ज्या ताई दर रविवारी दारात हात मिळवून 'प्रभूच्या कृपेने सगळे छान' म्हणतात, त्यांना आपण ढोंगी ठरवू नये. आपल्या हाती काही दिले तर त्याचे काय होते, हे त्यांनी पाहिलेले आहे.

या सगळ्यात मला वाट दाखवते ती हन्ना. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा एकदा वाचून पाहावा. मूल नाही म्हणून सवत डिवचते, हन्ना जेवत नाही, रडते. नवरा एलकाना प्रेमळ आहे. तो म्हणतो, मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का? किती ओळखीचे वाक्य आहे हे! त्याला तिचे दुःख थांबवायचे आहे, पण त्याच्या सांत्वनात मध्यभागी तो स्वतःच उभा आहे. हन्ना उठून मंदिरात जाते. ओठ हलतात, आवाज येत नाही. दाराशी बसलेला एली याजक तिला दारू प्यालेली समजून खडसावतो. ज्याचे कामच दुःखी लोकांना ओळखण्याचे, त्याला दुःख ओळखू आले नाही. ती म्हणते की मी प्यालेले नाही, मी दुःखी स्त्री आहे, मी परमेश्वरापुढे माझे मन मोकळे करत आहे. एवढेच. मूल नाही हे ती सांगत नाही, सवतीचे नाव काढत नाही. आणि इथे एली सावरतो. तो विचारत नाही की कसले दुःख, घरी काय झाले, नवरा कोण. तो म्हणतो, शांतीने जा. तू जे मागितलेस ते देव तुला देवो. काय मागितले हे त्याला माहीतही नाही. आणि शास्त्र सांगते की ती स्त्री गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. शमुवेल तेव्हा पोटातही नव्हता. तपशील न मागता कोणीतरी आपल्या बाजूने उभे राहिले, एवढ्यावर तिच्या घशाखाली घास उतरला. आमच्या पाळकांच्या प्रशिक्षणात एलीच्या मुलांची दुष्कृत्ये सविस्तर शिकवली जातात. न विचारता दिलेला हा आशीर्वादही तितक्याच सविस्तर शिकवला गेला पाहिजे.

मंडळीबाहेरून येणारा आक्षेप वेगळा आहे आणि मध्य प्रदेशात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तो टाळता येत नाही. दुःखी माणूस दुबळा असतो; त्याच्याजवळ धर्माचा माणूस प्रेमाने जातो तेव्हा ते प्रेम असते की जाळे? ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा 1956 चा अहवाल, 1968 चा धर्मांतराविषयीचा कायदा, 2021 चा नवा कायदा, या सगळ्यांच्या मुळाशी हा संशय आहे. हा संशय निव्वळ द्वेषातून येतो, असे म्हणून मी तो उडवून लावणार नाही. रात्री झोप न येणाऱ्या, घरात कोणाशी बोलू न शकणाऱ्या माणसाला 'आमच्याकडे ये, सगळे ठीक होईल' असे सांगणे हा त्याच्या असहायतेचा फायदा घेणेच आहे, मग सांगणारा कोणत्याही धर्माचा असो.

मराठी समाजाने हा वाद 1893 मध्ये एकदा करून पाहिला आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये विधवांसाठी काढलेले शारदा सदन तेव्हा पुण्यात होते. तिथल्या काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जाताहेत अशी ओरड झाली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले. रानडे काही विधवांचे शत्रू नव्हते. ज्यांना जायला दुसरे घर नाही अशा मुलींची निवड खरोखर मोकळी असते का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. पण त्याच 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी ज्या विधवेशी विवाह केला, त्या गोदूबाई याच शारदा सदनात शिकलेल्या होत्या. त्या तिथे राहिल्या, शिकल्या, आणि हिंदूच राहून बाहेर पडल्या. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांनी आयुष्यभर निधी गोळा केला. मदत आणि जाळे यांतला फरक ओळखायचा असेल तर ज्याने धर्म बदलला त्याच्याकडे पाहून कळत नाही. ज्याने बदलला नाही त्याला काय वागणूक मिळाली, ते पाहावे. 'नाही' म्हटल्यावरही आपला डबा येतो का, आपण आजारी पडलो तर ती माणसे विचारपूस करतात का?

म्हणून मी ख्रिस्ती बंधुभगिनींना कळकळीने सांगते: दुःखात असलेल्या माणसाला आपल्या उपासनेचे आमंत्रण देऊ नका. त्या काळात तरी नको. तुम्ही का येता असे त्याने स्वतःहून विचारले तर खरे उत्तर द्या. ख्रिस्ताने मला असे वागायला शिकवले हे सांगण्यात लपवण्यासारखे काही नाही. येशूच्या दृष्टांतातल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर घालून नेणाऱ्या शमरोन्याने खानावळीत त्याच्या औषधपाण्याचे पैसे दिले आणि परतताना उरलेले देईन म्हणाला. त्याने त्या माणसाला कोणत्या डोंगरावर उपासना करतोस असे विचारले नाही, आणि यहूदी-शमरोनी वैर तर नेमके त्याच मुद्द्यावर होते.

राहिला तो एक आक्षेप, की हे काम तज्ज्ञांचे आहे. हो, आजाराचे काम तज्ज्ञांचेच. नैराश्य हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि 'प्रार्थना कमी पडते' असे सांगून कोणाच्या गोळ्या बंद करायला लावणारा माणूस अपराध करतो. पण 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक विकारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असे आढळले. डॉक्टर कमी आहेत हे एक कारण. बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयाच्या फाटकात ओळखीचे कोणी पाहील ही भीती दुसरे. त्या फाटकातून सोबत आत जाणारा माणूस कोणत्याही तज्ज्ञाकडे चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

आणि ज्याने कधीच सांगितले नाही, त्याच्याजवळ टिकून काय साधले? असे काही साधावेच लागते, हेच मला पटत नाही. मदर तेरेसा 1997 मध्ये गेल्या. त्यांची खासगी पत्रे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की सदैव हसणारी ही बाई जवळजवळ पन्नास वर्षे आतून अंधारात होती. देव आपल्याला सोडून गेला असे त्यांना वाटत राहिले. हसू हे त्यांनी मुद्दाम पांघरलेले होते, आणि ती पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. मोजक्या धर्मगुरूंना हे माहीत होते. त्यांपैकी एक आपल्या पुण्यात शिकवणारे जेझुइट फादर जोसेफ नॉयनर. त्यांनी तो अंधार हटवला नाही, हटवायचा प्रयत्नही केला नाही. हा अंधार तुमच्या कामाचाच भाग असू शकतो, एवढे सांगून ते सोबत राहिले. त्यानंतर मदरनी त्यांना लिहिले की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला या अंधारावर प्रेम करता आले. अंधार तसाच राहिला, मरेपर्यंत. फादर नॉयनर अपयशी ठरले असे म्हणणार का?

इंदूरच्या मंडळ्यांनी, मराठी असोत की हिंदी, काही गोष्टी येत्या उपासकाळाची वाट न पाहता कराव्यात. प्रार्थनेच्या विनंतीत नाव घालण्याआधी त्या माणसाची परवानगी विचारावी. नसेल तर 'एका भावासाठी' एवढे पुरे, देवाला नावपत्त्याची गरज नसते. साक्ष द्यायला कोणाला नाव घेऊन उभे करू नये. प्रत्येक मंडळीत निदान दोन माणसांनी प्राथमिक मानसिक मदतीचे शिक्षण घ्यावे, आणि 14416 हा आकडा सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लावावा. भंवरकुआच्या बाजूला जिथे मुले एकेकटी खोल्या घेऊन राहतात, तिथे महिन्यातून एका रविवारी जेवण ठेवावे. प्रार्थना जेवणाआधी स्वतःपुरती करावी, मुलांना पत्रके देऊ नयेत, नावे लिहून घेऊ नयेत. कोणी नुसते जेवून निघून गेले तर पुढच्या वेळी त्याच्यासाठीही पान मांडावे. मंडळीच्या समितीत कोणी विचारेल की यातून किती आत्मे मिळाले. त्याला सांगावे, मोजत नाही.